वहिनीची आतली खोली

आमच्या वहिनीला लोक शिष्ट म्हणतात. रस्त्यात ओळखीचा माणूस समोरून आला तरी ती आपण होऊन हसत नाही. भाजीच्या दुकानात शेजारी उभी असलेली बाई दोनदा खाकरली तरी ही टोमॅटो निवडत राहते. त्या बाईने "काय मॅडम, बरं आहे ना?" म्हटलं, की मात्र तोंडभर हसते आणि हातातली पिशवी खाली ठेवून गप्पा मारते. लोकांना वाटतं, हिला मान हवा असतो. हे ऐकलं की माझ्या डोक्यात तिडीक जाते. अहो, ती मानसोपचार करते. तिच्या आतल्या खोलीत येऊन जो रडून गेला, त्याला तिने चारचौघांत हाक मारली तर बरोबरचा माणूस विचारणारच, यांची तुमची ओळख कशी? म्हणून पेशंटला आपण आधी ओळख द्यायची नाही, हा तिचा नियम. आणि नुसत्या पेशंटांनाच टाळलं तर तेही लोकांच्या लक्षात येणार, म्हणून ती सरसकट कुणालाच आधी ओळख देत नाही. हे ती कुणाला समजावून सांगत बसत नाही. सांगायचं काम मी करते, कारण गप्प बसणं माझ्या स्वभावात नाही.

मी तिची नणंद. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी केली, लग्नाच्या भानगडीत पडले नाही, आणि भाऊ गेल्यावर सामान उचलून वहिनीकडे राहायला आले. वर्षभरात दोघी एकमेकींच्या झिंज्या उपटतील, असं नातेवाइकांनी छातीठोकपणे सांगितलं होतं. ते अजून वाट बघतायत.

लग्न होऊन आमच्याकडे आली तेव्हाच ती कॉलेजात मानसशास्त्र शिकवत होती. तिचा विषय घरात कुणालाच धड कळत नव्हता. आमचे वडील आल्यागेल्याला सांगायचे, "सूनबाई डोक्याचं काहीतरी शिकवते." काका, मामा, आत्याचे यजमान, सगळे तिला एकच प्रश्न विचारायचे, "मग आत्ता माझ्या मनात काय चाललंय, सांग पाहू!" हा विनोद जगात आपणच पहिल्यांदा करतोय, अशा थाटात विचारायचे. वहिनी शांतपणे म्हणायची, "पानं कधी मांडतायत, हे." ते बहुतेक वेळा खरं असायचं. आणि याच मंडळींपैकी कुणीतरी जेवणानंतर तिला बेसिनपाशी गाठायचं, नळ सोडून ठेवायचं आणि आवाज खाली आणून सांगायचं की हल्ली झोप लागत नाही, छातीत धडधडतं. तेव्हा ती नळ बंद करायची आणि नीट ऐकून घ्यायची.

कॉलेजात तिच्या विभागाला जिन्याखालची खोली मिळाली होती. अर्ध्या भागात रसायनवाल्यांची रिकामी खोकी, आणि छत इतकं उतरतं की फळ्यावर वरच्या ओळीत लिहायचं तर वाकून लिहावं लागायचं. दर वर्षी ती खोली मागायची, दर वर्षी प्रिन्सिपॉल म्हणायचे, "बघू." एका वर्षी तिने प्रयोगाचं सगळं सामान, खुर्च्या आणि पोरं घेऊन प्रिन्सिपॉलांच्या ऑफिसबाहेरच्या व्हरांड्यात वर्ग भरवला. पाहुणे यायचे तेव्हा त्यांना पोरांच्या मधून वाट काढत आत जावं लागायचं. पावसाळा संपायच्या आत वहिनीला दुसऱ्या मजल्यावर खिडकीवाली खोली मिळाली. मी त्या दिवशी घरी खीर केली होती.

पहिल्या तासाला ती पुस्तक उघडत नसे. मुलांच्या जोड्या लावायची. एकाने अलीकडे मनाला लागलेली एखादी गोष्ट सांगायची, दुसऱ्याने फक्त ऐकायची. सल्ला द्यायचा नाही. "माझंही असंच झालं होतं" म्हणायचं नाही. "होईल सगळं ठीक" तर अजिबात म्हणायचं नाही. पोरं पाच मिनिटांत घायकुतीला यायची. सल्ला ओठांवर येऊन थांबला की माणसाचं तोंड कसं होतं ते बघायला मी एकदा मागच्या बाकावर बसले होते, हसून हसून पोट दुखलं. घरी आल्यावर म्हटलं, यात काय अवघड आहे? वहिनीने लगेच मला समोर बसवलं आणि सांगायला लागली की स्टाफरूममधली तिची खुर्ची कुणीतरी उचलून नेली. मी म्हटलं, "मग तू सरळ जाऊन..."

"नापास," वहिनी म्हणाली.

अजूनही मी नापासच आहे.

तिच्या नोकरीतला मोठा खटका उडाला तो एका विद्यार्थिनीपायी. ती मुलगी एका प्राध्यापकाबद्दल काहीतरी वहिनीशी बोलली होती. प्रिन्सिपॉलांच्या कानावर गेलं. त्यांनी वहिनीला बोलावून घेतलं, चहा मागवला आणि म्हणाले, पोरगी काय म्हणाली ते सांगा, म्हणजे आम्हाला प्रकरण मिटवता येईल. वहिनी म्हणाली, "मिटवायचं असेल तर मी सांगणार नाही. चौकशी करायची असेल तर तिलाच विचारा, आणि विचारताना मी तिच्या शेजारी बसेन." चहा तसाच टाकून ती उठून आली. पुढे चौकशी झाली, आणि तो प्राध्यापक गुपचूप दुसरीकडे गेला. विभागप्रमुखपद मात्र वहिनीला मिळालं नाही. ते एका दुसऱ्याच विषयाच्या माणसाला दिलं गेलं, ज्याला वहिनी भीती आणि चिंता यांतला फरक दर वर्षी नव्याने समजावून सांगायची. मी विचारलं होतं, "वाईट वाटतं का गं?" ती म्हणाली, "वाटतं. पण पुन्हा तसंच करेन."

संध्याकाळी ती घरी पेशंट बघायची, आणि निवृत्त झाल्यावर दिवसभर. आतली खोली म्हणजे खरं तर आमच्या भावाची अभ्यासाची खोली. दोन खुर्च्या, सारख्या उंचीच्या, अगदी समोरासमोर नाहीत, थोड्या तिरक्या, म्हणजे बोलणाऱ्याला वाटलं तर खिडकीबाहेर बघता यावं. घड्याळ पेशंटच्या पाठीमागच्या भिंतीवर, म्हणजे वेळ बघायला तिला मान वळवावी लागत नाही. स्टुलावर पाण्याचा तांब्या आणि घडी केलेले धुतलेले नॅपकिन. हॉलमध्ये मी रेडिओ लावून बसायची. कार्यक्रम कुठलाही चालायचा, आतला आवाज बाहेर येऊ नये एवढंच. एक पेशंट पुढच्या दाराने यायचा आणि स्वयंपाकघराच्या दाराने, मागच्या जिन्याने जायचा, म्हणजे पुढच्याशी गाठ पडायची नाही. मी चेहरा निरखायची नाही, नाव विचारायची नाही. एक्स्चेंजमध्ये आयुष्यभर हेच केलं होतं, लोकांना जोडून द्यायचं आणि आपला कान बाजूला ठेवायचा. वहिनी म्हणायची, माझ्याइतकी चांगली दार उघडणारी तिला पगार देऊनही मिळाली नसती.

एक नियम तिने कधी मोडला नाही. वर्गातला विद्यार्थी आतल्या खोलीत घ्यायचा नाही. ज्याला मार्क द्यायचे त्याचं मन उघडायचं नाही, त्याला दुसऱ्या कुणाकडे पाठवायचं. वर्ग वेगळा, खोली वेगळी.

इमारतीतलेही काही जण तिच्याकडे यायचे. ते कोण ते मी मेले तरी सांगणार नाही, एकीशिवाय. तिचं का सांगते ते पुढे कळेल. चौथ्या मजल्यावरची, आमच्या सेक्रेटरींची बायको. सेक्रेटरी म्हणजे इमारतीच्या कमिटीचे. माणूस शिस्तीचा, पाण्याची टाकी वेळेवर धुऊन घेणार, लिफ्ट बंद पडली तर स्वतः उभा राहून दुरुस्त करून घेणार. पण बायको काही बोलायला लागली की तिचं वाक्य स्वतःच पुरं करून टाकायचे. लिफ्टमध्ये मी कितीदा ऐकलंय. ती मागच्या जिन्याने, हातात रिकामी वाटी घेऊन यायची, साखर मागायला आल्यासारखी. जाताना मी वाटीत खरंच साखर घालायची, घरी दाखवायला बरी. आत ती काय बोलायची मला ठाऊक नाही. मला एवढं ठाऊक आहे, की आधी ती महिनोन् महिने घराबाहेर दिसायची नाही, दिसली तर भिंतीला धरून चालायची. आणि काही वर्षांनी तिला मी गच्चीवर एकटीने गाणं म्हणताना ऐकलं. वाईट गात होती, पण मोठ्याने गात होती.

मग एक दिवस जिन्यात एक माणूस रडत बसला. वहिनीकडून निघाला होता आणि चुकून पुढच्या दाराने बाहेर पडला. पायरीवर बसला, रुमाल तोंडाला लावला, आणि थोड्या वेळाने उठून गेला. तेवढ्यात सेक्रेटरींकडे आलेल्या पाहुण्यांनी त्याला बघितलं. झालं! या इमारतीत गाडी लावण्यावरून लोक एकमेकांच्या बापाचा उद्धार करतात, नवरे बायकांवर ओरडतात ते तळमजल्यापर्यंत ऐकू येतं, त्यासाठी कधी सभा भरली नाही. एक माणूस आवाज न करता रडला, तर तातडीची सभा.

सभा खाली गाड्यांच्या जागेत, प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर. सेक्रेटरी उभे राहून म्हणाले, "मॅडमबद्दल आम्हाला आदर आहे. पण इथे बायका-मुलं राहतात. कसली कसली माणसं वर जातात."

"कसली?" वहिनीने विचारलं.

"म्हणजे... मनाने ठीक नसलेली."

"या खुर्च्यांवर बसलेल्यांपैकी किती जणांचं मन तुम्ही तपासून घेतलंय?"

कुणीतरी हसलं. सेक्रेटरींचे कान लाल झाले. "मग सांगा ना कोण येतं ते! नावं कळू देत. सभ्य माणसं असतील तर आमची हरकत नाही."

त्यांची बायको त्यांच्या शेजारीच बसली होती. मांडीवर हात, हातात किल्ल्या, नजर किल्ल्यांवर. मी ताडकन उठले. काय बोलणार होते देव जाणे. वहिनीने माझ्याकडे न बघताच म्हटलं, "बस खाली." सगळ्या इमारतीदेखत. मी बसले.

"नावं मिळणार नाहीत," वहिनी म्हणाली. "आज नाहीत, कोर्टात खेचलंत तरी नाहीत, आणि मी मेल्यावर हिला विचारलंत तर हिच्याकडूनही नाहीत."

मग ठराव वाचला गेला. इमारतीत पेशंट बघायचे नाहीत. बाजूने असणाऱ्यांनी हात वर करा. हात वर झाले. सेक्रेटरी बायकोकडे झुकून हळूच म्हणाले, "अगं." आणि तिचा हात वर गेला, खांद्यापर्यंतच, पण गेला. ज्यांच्यासाठी मी दार उघडलं होतं असे आणखीही हात वर होते. माझ्या अंगाची आग आग झाली.

घरी येऊन मी भांडी आपटली. "कृतघ्न मेले! एका शब्दात गार केलं असतं सगळ्यांना!"

"हात वर केला नसता तर का नाही केला, असं लोकांनी विचारलं असतं," वहिनी म्हणाली. "दुसरं काय करता येणार होतं त्यांना?"

"तुला राग येत नाही?"

"येतो. प्रचंड येतो. त्यांच्यावर नाही." मी भांडी आपटायची थांबले.

दुसऱ्या दिवसापासून वॉचमनला हुकूम, मॅडमकडे येणाऱ्यांना परत पाठवा. बिचारा मान खाली घालून पाठवायचा. काही पेशंट फोनवर बोलायला लागले, काही दुसरीकडे गेले. चौथ्या मजल्यावरची यायची बंद झाली. ती इमारतीतलीच, तिला परत पाठवायला मधे वॉचमन नव्हता, पण ती आलीच नाही. वाळत घातलेले कपडे दोन दोन दिवस दोरीवरच. दुपारीही पडदे ओढलेले. लिफ्टमध्ये एकदा भेटली तेव्हा केस विंचरलेले नव्हते, आणि तिने एका हाताने लिफ्टची भिंत धरली होती.

मी वहिनीच्या खनपटीला बसले. "जा ना वर! नुसती शेजारीण म्हणून जा!"

"इतक्या वर्षांत त्यांच्या दारात मी कधी गेले नाही. आता गेले तर ते विचारतील, का आलात? मी काय सांगू? तिचं गुपित तिच्या नवऱ्यापुढे मीच उघडं करू?" वहिनी आतल्या खोलीत येरझाऱ्या घालत होती. तिला त्या खोलीत उभी मी पहिल्यांदाच बघत होते. "आठवड्यातला एक तास तिचा स्वतःचा होता. तो तिच्याच हाताने तिच्याकडून घेतला गेला. आणि मला हाकसुद्धा मारता येत नाही."

तो तास तिने दुसऱ्या कुणाला दिला नाही. त्या वेळेला ती आत जाऊन आपल्या खुर्चीत एकटी बसायची, पुरा तास.

असे दोन-तीन आठवडे गेले, आणि एका सकाळी चहा पिता पिता ती म्हणाली, "तिसऱ्या मजल्यावर गणिताची शिकवणी चालते ना?"

"चालते. दिवसभर पोरं चढउतार करतात."

"तिला कुणाची हरकत नाही. ठरावात पेशंट लिहिलंय, विद्यार्थी नाही लिहिलं." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "फोन लाव."

फोन लावायला मला कुणी शिकवायला नको. जुने विद्यार्थी, त्यांच्याकडून त्यांच्या बरोबरचे, जिथे जिथे सापडले तिथे लावले. लिफ्टशेजारी वहिनीने स्वतः कागद चिकटवला : "ऐकायला शिका. वर्ग सर्वांसाठी, रोज. दुसरा मजला." आणि लोक आले! बँकेतली कॅशियर, दवाखान्यातल्या नर्स, शाळेतले एक मास्तर, ज्यांच्या डोक्यावर आता एक केस नाही, गाडी चालवायला शिकवणारी एक ढमाली बाई. हॉलमध्ये जोड्या लावून बसायचे आणि एकमेकांना सल्ला न देण्याची शिकस्त करायचे. त्यांच्यात मिसळून पेशंट यायचे. वॉचमन विचारायचा, "क्लास?" सगळे म्हणायचे, "क्लास." मग ज्याचा तास असेल तो हॉलमधून उठून आत जायचा, विद्यार्थीही शंका विचारायला एकेकटे आत जायचे, त्यामुळे कोण विद्यार्थी, कोण पेशंट, ते बसलेल्यांनाही सांगता आलं नसतं. कुणी विचारलंही नाही, तेवढं तिने शिकवलेलं होतं. वर्ग वेगळा, खोली वेगळी, हे तिने जन्मभर जपलं होतं. मी तसं म्हटलं तर म्हणाली, "ती भिंत त्यांच्यासाठी घातली होती. आता त्यांच्यासाठीच पाडते."

इमारत बघत राहिली. सेक्रेटरींना डाव कळत होता, पण पकडता येत नव्हता. माझा जीव मात्र थाऱ्यावर नव्हता. सगळे आले, चौथ्या मजल्यावरची आली नाही. लिफ्टशेजारचा कागद तिने वाचला असणारच. वहिनी तिच्या तासाला आत एकटी बसतच होती.

अशाच एका दुपारी, त्याच तासाला, सेक्रेटरी वॉचमनला घेऊन आमच्या दारात उभे राहिले. दार उघडंच होतं, बाहेर चपलांचा ढीग. आत न येता त्यांनी एकेकाला विचारायला सुरुवात केली. "तुम्ही क्लासचे?" हो. "तुम्ही?" हो. "आणि तुम्ही?" मास्तर म्हणाले, "जुना विद्यार्थी आहे साहेब, बसता का? एक जोडी कमी पडतेय." मी तोंडाला पदर लावून हसू दाबलं.

वरून पावलं वाजली. चौथ्या मजल्यावरची पुढच्या जिन्याने येत होती, कठड्याला न धरता. हातात काही नव्हतं. सेक्रेटरी वळले. "तू कुठे निघालीस?"

ती बोलेना. ओठ हलले, आवाज येईना. मास्तरांना काय वाटलं कोण जाणे, ते चटकन पुढे झाले आणि म्हणाले, "या ना, या! साहेब, या आमच्याच वर्गातल्या."

माझ्या जिवात जीव आला. सुटली, म्हटलं. नुसती मान हलवायची होती तिने.

"नाही," ती म्हणाली. "मी वर्गातली नाही. मी यांची पेशंट आहे. बरीच वर्षं."

वहिनी आतल्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली होती. तिचे डोळे भरून आले होते, आणि ते तिने पुसले नाहीत. सेक्रेटरींचा चेहरा पांढरा पडला. ते वॉचमनकडे बघायचे, आमच्याकडे बघायचे. मला वाटलं, आता ओरडतील. पण त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. "हे काय भलतंच... तू घरी चल. आपण घरी..."

"बोलू," ती म्हणाली. त्यांचं वाक्य तिने पुरं केलं. "तास झाल्यावर." ती उंबऱ्यापर्यंत आली, चपला काढल्या, आणि मग परत त्यांच्याकडे वळली. "आणि त्या दिवशी सभेत मी हात वर केला होता, तो खाली घेतेय. तसं लिहून ठेवा."

नियमाचा माणूस तो! त्या अवस्थेतही म्हणाले, "ठराव झाल्यावर असा हात खाली घेता येत नाही."

"मग पुन्हा सभा बोलवा," ती म्हणाली आणि आत गेली.